बोर्डावरचे भाऊ

संपादकांनी आषाढात सांगितलं, "नोकरीतले अनुभव लिहा, आणि जरा खुसखुशीत असू द्या." मी हो म्हटलं. आता नवरात्र तोंडावर आलं आहे आणि माझं तिसरं पान चालू आहे. मला लिहायला वेळ लागतो. एक तर तो स्वभावच आहे. दुसरं असं की, या हकिकतीतलं निम्मं बोलणं सुलोचनाचं आहे, आणि ती गेल्या चैत्रात गेली. तिचं एखादं वाक्य कागदावर उतरवलं की मी थांबते, आणि यावर ती आणखी काय म्हणाली असती याची वाट बघत बसते. बहुधा म्हणाली असती, "विमे, तुह्यं लिहिणं म्हंजे ट्रंक कॉल हाये. लागला तं लागला."

साठ सालच्या आगेमागे आम्ही दोघी यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. ती वणीची, मी कळंबची. ती बोलायला तिखट आणि मी जवळजवळ मुकी, पण कानाला हेडफोन लागला की दोघींनाही ठरलेली वाक्यंच बोलायची असत, त्यामुळे तिथे आमच्यात फरक उरत नसे.

हे काम आता कोणी करत नाही, म्हणून थोडं सांगते. त्या वेळी फोनला आकड्यांची चकती नव्हती. घरच्या फोनची दांडी गरगर फिरवली की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर त्या नंबरची छोटी झडप खट्‌कन पडायची. ऑपरेटरने तिथे दोरीची पिन खोचायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, गिऱ्हाईक नंबर सांगेल तिथे दुसरी पिन खोचायची आणि घंटी द्यायची. ते बोलू लागले की आपली ऐकण्याची कळ बंद करायची. परगावचा असेल तर ट्रंक कॉल. त्याला लाइन मिळेपर्यंत गिऱ्हाईकही थांबायचं आणि आम्हीही. बोलण्याचा कर्णा गळ्यात पट्ट्याने अडकवलेला, छातीवर टेकलेला. दिवसभर तो कर्णा घेऊन बसलं की घरी गेल्यावरही मान तशीच राहायची. आई म्हणायची, "अगं, वर बघून जेव."

या नोकरीत चेहरा कोणाला दिसत नसे, आणि माझा चेहरा बघता ही मोठी सोय होती. निवड आवाजावर व्हायची. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी लहानपणी माझ्याकडून मोठ्याने इतकं वाचून घेतलं होतं की परीक्षेत वर्तमानपत्राचा उतारा वाचायला दिला तेव्हा तीन अधिकाऱ्यांतले दोघे कौतुकाने माना डोलावू लागले. तिसरे झोपले होते, पण तेही माझ्या आवाजामुळेच, असं मी धरून चालले. पुढे वडील गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. म्हणजे आमचं दोघींचं घर माझ्या गळ्यावर चालत होतं. तो गळा एका हिवाळ्यात बिघडू लागला.

आधी वाटलं सर्दी. मग वाटलं कापसाच्या मोसमातली धूळ. ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध प्याले, मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज दिवसेंदिवस जाडच होत गेला. नुसता जाड नाही, सावकाशही. चावी उतरत आलेल्या ग्रामोफोनसारखा. मी "नंबर" म्हणायचे, आणि "प्लीज" येईपर्यंत घाईचं गिऱ्हाईक फोन ठेवून पुन्हा दांडी फिरवायला लागलेलं असायचं. जीभ तोंडात मावत नाहीशी वाटे. चेहरा सुजला, वजन वाढलं, केस गळायला लागले. आई खूश होती. म्हणाली, "सरकारी नोकरी मानवली हो माझ्या पोरीला."

मी पुस्तकातली माणूस. डॉक्टरकडे जाण्याआधी वाचनालयात गेले आणि वैद्यकाचा एक जाडजूड ग्रंथ आणून वाचला. त्यातले जवळजवळ सगळेच रोग मला झालेले निघाले. त्यातला त्यात घशाचा क्षय मला पसंत पडला, कारण त्याचं वर्णन सर्वांत हृदयस्पर्शी होतं. मी मनात निरवानिरवही केली. एक दिवस सुलोचनाला गंभीरपणे म्हटलं, "माझ्यामागे माझी पुस्तकं तू घे."

"पुस्तकं घेऊन का करू?" ती म्हणाली. "तुह्यी ती निळी साडी दे. अन् मरायचं असंल तं आयतवारी मर, डबल ड्यूटीत माहा जीव जाईल नाई तं."

इकडे गावाला माझ्या रोगाचं काही दुःख नव्हतं. गावाला वाटलं, बोर्डावर पुरुष माणूस आला. धान्यवाले मला "ओ दादा" म्हणू लागले. एका हेडमास्तरांनी "शेवटी एक जबाबदार माणूस बसवला म्हणायचा" असं मलाच सांगितलं. माझे एक नेहमीचे गिऱ्हाईक वकील होते. पूर्वी नंबर चुकला की ते ओरडायचे, "बाई, झोपा काढता का?" आता चुकला तर म्हणायचे, "असू द्या भाऊ, यंत्रच तसलं आहे." गंमत अशी की, पूर्वी मी चांगली जागी असायचे, आणि आता खरोखरच पेंगत होते.

पण सगळेच एवढे उदार नव्हते. एक दिवस आमचे सुपरवायझर पाठकसाहेब माझ्या स्टुलाशी येऊन उभे राहिले. भले गृहस्थ, पण स्वतःच्या सावलीलाही अर्ज करून बाजूला सरकायला सांगतील असे.

"विमलताई," ते म्हणाले, "एक तक्रार आली आहे. म्हणजे तुमच्याबद्दल असं नाही. बोर्डावर कोणीतरी दारू पिऊन बसतं, अशी." एवढं बोलून त्यांनी अत्यंत संकोचाने किंचित पुढे वाकून वास घेतला. मी ज्येष्ठमध चघळत होते. त्यांचा जीव भांड्यात पडला. पण जाता जाता ते जे म्हणाले त्याने माझा उडाला. मी अजून तात्पुरती होते. दसऱ्याच्या सुमारास नागपूरचे साहेब येऊन प्रत्येकीच्या लाइनवर कान लावून बसणार, आणि ते ठीक म्हणतील तिलाच कायम करणार. आवाज असाच राहिला तर मी घरी.

यावर तोड सुलोचनाने काढली. आमचे दोघींचे बोर्ड शेजारी-शेजारी होते आणि मधे ते जोडण्याची एक कळ होती. एकच माणूस ड्यूटीवर असला तर त्याला दोन्ही बोर्ड सांभाळता यावेत म्हणून. तिने ती कळ दाबली आणि म्हणाली, "आता तू मुकी अन् मी थोटी." म्हणजे दोन्ही बोर्डांवर बोलायचं तिने आणि दोऱ्या खोचायच्या मी. एक तोंड, दोन हात. ती "नंबर प्लीज" म्हणे, गिऱ्हाइकाचं उत्तर आम्हा दोघींच्याही कानात येई, आणि मी पिन खोचून मोकळी. झोपाळू असले तरी हात अजून सवयीने चालत होते. खात्याच्या इतिहासात असं काम कोणी केलं नसेल, आणि केलं असेल तर सांगितलं नसेल.

फक्त सुलोचना चहाला गेली की मला बोलावं लागे. त्यामुळे गावात असा समज पसरला की, एरवी बोर्डावर एक बाई असते आणि चहाच्या वेळेला एक भाऊ येऊन बसतात.

शेवटी रोग ओळखला तो फोनवरच. बापट डॉक्टर म्हणून गावात एक जुने डॉक्टर होते. रोज सकाळी दवाखान्यातून दोन-चार नंबर मागायचे. वैशाखातल्या एका दुपारी त्यांची झडप पडली तेव्हा सुलोचना चहाला गेली होती.

"नंबर... प्लीज."

"कोण बोलतंय?"

"मी... विमल, डॉक्टर."

त्यांनी नंबर सांगितलाच नाही. मग म्हणाले, "अंगावर शाल आहे का गं?"

मी स्वतःकडे बघितलं. बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं, आणि मी लोकरीची शाल घट्ट लपेटून बसले होते. "हो," मी म्हटलं.

"महिना कोणता चालू आहे, माहीत आहे?"

"वैशाख."

"मग ड्यूटी संपली की इकडे ये."

सुलोचना परत आल्यावर मी हे सांगितलं, तर म्हणाली, "फोनमंधून नाडी पाहून राह्यला का बुढा?"

नाडी त्यांनी नंतर पाहिली. गळा चाचपला, आणि मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं करून टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटका देऊन खाली गेलं, ते वेळेवर गेलं. परत आलं ते मात्र सरकारी पत्राच्या उत्तरासारखं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "पुस्तकातल्यासारखी केस आहेस." आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत नेमकी पावती.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीर किती वेगाने चालायचं ते ती ठरवते. कंदिलाची वात असते तशी. ती मंद झाली की सगळंच मंदावतं. थंडी वाजते, झोप येते, अंगावर सूज चढते. तीच सूज घशातल्या स्वरतंतूंवरही चढते, ते जड होतात, म्हणून आवाज खाली उतरतो, घोगरा होतो. जीभही जाड होते, म्हणून बोलणं दारू प्यायल्यासारखं ऐकू येतं. बायकांना हे जास्त होतं, आणि घरचे लोक त्याला आळस म्हणतात. मी हे ऐकून रडले. मी मंद आहे, जड आहे, ऐदी आहे हे मी स्वतःशी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. त्यातलं थोडंसंच खरं होतं, हे आता कळत होतं.

औषधाच्या गोळ्या होत्या. जनावरांची तीच ग्रंथी वाळवून केलेल्या. आईने विचारलं, "कशाच्या गं या?" मी म्हटलं, "मुंबईच्या." सुलोचनाला मात्र खरं सांगितलं, आणि पस्तावले. रोज गोळी घेताना ती कानाला हात लावून बसायची. "थांब, मले आयकू दे. आता मंजूळ बोलते का बें करते?"

आषाढात सगळ्यांनी शाली काढल्या तेव्हा मी माझी ठेवून दिली. सूज उतरली, पेंग गेली. आवाज सर्वांत शेवटी आला, आणि आला हे मला माझं कळलं नाही. एक दिवस नंबर चुकला, आणि वकील ओरडले, "बाई, झोपा काढता का?" मी त्यांना मनापासून "थँक यू" म्हटलं.

एवढ्यावर ही हकिकत संपायला हरकत नव्हती. पण त्या जाड आवाजाच्या काळात मला एक मित्र मिळाला होता, तो राहिला.

गुलाबराव म्हणून कापसाच्या बाजारात एक अडते होते. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे. रोज सकाळी घरून अमरावतीचा ट्रंक लावून भाव विचारायचे. बाईमाणसाशी बोलायची त्यांना मोठी अडचण वाटे. आमच्याशी दोनच शब्द, "अमरावती. अर्जंट." मात्र चहाच्या वेळेला बोर्डावर भाऊ असतात असं कळल्यापासून ते नेमके तेव्हाच ट्रंक मागू लागले होते, आणि लाइन मिळेपर्यंतच्या वेळात त्यांचं तोंड सुटलं होतं. बाजार, पाऊस, त्यांच्या आईचे गुडघे, पोरांच्या शाळा. मी "हं" आणि "बरं" यापलीकडे काही बोलत नसे. आधी बोलवत नव्हतं म्हणून, आणि नंतर ऐकावंसं वाटे म्हणून. त्यांना हा भाऊ फार विचारी वाटायचा.

आवाज परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्यांना माझ्या चांगल्या आवाजात "नंबर प्लीज" म्हटलं. ते म्हणाले, "भाऊ नाई का? मंग अमरावती. अर्जंट." आणि लाइन लागेपर्यंत मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. मला करमेना. दुसऱ्या दिवशी मी हनुवटी छातीला टेकवली, जीभ तोंडात फुगवली आणि पुन्हा "नंबर... प्लीज" म्हटलं. "आले का भाऊ? कुठी गेलते?" गुलाबराव आनंदले. शेजारी सुलोचनाने पदर तोंडात कोंबला. मला लाज वाटायला हवी होती. मजाच वाटली.

भाद्रपदात एकदा अमरावतीहून त्यांच्यासाठी फोन आला. मी त्यांच्या घरी घंटी दिली. बऱ्याच वेळाने कोणीतरी उचलला.

"हा...लो."

मला वाटलं, माझाच मागचा आवाज कुठेतरी तारेत अडकून राहिला होता, तो आता उलटून आला.

"घरी... नाईत... बापा," तो आवाज म्हणाला. बाईचा होता. आणखी कोणाला तो बाईचा वाटला नसता.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या आवाजात विचारलं, "गुलाबराव, काल फोन कोणी उचलला होता?"

ते पहिल्यांदाच अडखळले. "भाऊ, तुमाले म्हणून सांगतो. बायको हाये माही. आधी अशी नोती. लय चपळ होती. आता दिसभर पडून राह्यते. उन्हाळ्यात गोधडी घेऊन बसते. तोंड सुजलं. अन् आवाज तं तुम्ही आयकलाच. लेकरं भेतात. माय म्हणते, हिच्या अंगात कोनी शिरलं. दसरा झाला का माहेरी नेऊन घालतो."

"किती दिवसांसाठी?"

"आता कायचे दिवस, भाऊ. घालतो म्हंजे घालतो."

त्या संध्याकाळी मी बापट डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "ऐकून तरी तेच वाटतं. पण तिला इथे आणल्याशिवाय मी काय करणार? आणि खेड्यात माहेरी गेली तर तिला गोळी कोण देणार? विमल, हे वाढत गेलं तर थंडीत एखादी झोपते, ती उठतच नाही."

मग रोज सकाळी भाऊ गुलाबरावांना डॉक्टरचं नाव सुचवू लागले, आणि गुलाबराव रोज म्हणायचे, "बायकी दुखणं. त्यात दाक्तरले का दाखवायचं, भाऊ?" सुलोचना म्हणाली, "मंग तू बाई होऊन सांग ना त्याले." मी म्हटलं, "बाईशी तो बोलतो कुठे?" आणि खरं सांगायचं तर मला भीतीही होती. ऑपरेटरने गिऱ्हाइकाशी ठरलेल्या वाक्यांपलीकडे बोलणं हा नोकरी जाण्याइतका गुन्हा होता. मी तर महिनोन्‌महिने गप्पा ऐकत होते, त्याही सोंग घेऊन.

नागपूरचे साहेब दसऱ्याच्या आधीच आले. पाठकसाहेबांनी त्यांना मागच्या टेबलावर बसवलं, कानाला हेडफोन दिला. तिथून कुठल्याही बोर्डावरचं बोलणं ऐकता येत असे, आणि कोणाचं ऐकताहेत ते आम्हाला कळत नसे. सकाळपासून मी इतकी गोड बोलत होते की सुलोचनाने कुजबुजून विचारलं, "साखरेची पोळी खाऊन आली का?" आणि गुलाबरावांची झडप पडली.

मी ठरवलं होतं. साहेब असेपर्यंत चांगला आवाज. गुलाबराव "अमरावती, अर्जंट" म्हणतील आणि गप्प बसतील.

"नंबर प्लीज."

"बाई, भाऊले द्या जरा. घाई हाये." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "दमनी उभी हाये दारात. आजच नेऊन घालतो तिले. दसऱ्याले पाहुणे येऊन राह्यले, तं माय म्हणते आताच ने. भाऊले एक सांगायचं होतं, बस."

मागे साहेबांची खुर्ची करकरली. माझी नोकरी माझ्या पाठीमागे बसली होती. आणि तिकडे त्यांच्या दारात बैलांची दमणी जुंपून उभी होती. मी हनुवटी छातीला टेकवली.

"बोला... गुलाबराव."

"भाऊ! हे पाहा, मन लागून नाई राह्यलं. पन आता का करू?"

"दमणी... डॉक्टरकडे न्या. बापट डॉक्टरांकडे. हा रोग आहे. अंगात कोणी शिरलेलं नाही. गोळीने बरा होतो. मला... हाच रोग होता."

"तुमाले?"

"हो. थंडी, झोप, सूज. आणि हा आवाज. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरा झालो."

गुलाबरावांनी थोडा विचार केला. अडत्याच तो. मालाची पारख करणारा. म्हणाले, "भाऊ, राग नोका मानू. पन तुमचा आवाज तं अजून तसाच हाये. मंग काहून म्हणता, बरं झालं?"

यावर उत्तर एकच होतं. सुलोचना माझ्याकडे बघत होती, तिच्या बोर्डावरच्या झडपा पडत होत्या आणि ती एकही उचलत नव्हती. मी मान वर केली, कर्णा नीट केला, आणि उतारा वाचायला दिला होता त्या दिवशीच्या आवाजात म्हटलं,

"हा बरा झालेला आवाज. ऐका. तुमचे भाऊ मीच. आणि मी बाई आहे, गुलाबराव. चैत्रात माझा आवाज तुमच्या मंडळींसारखाच होता. तुम्ही स्वतः ऐकलाय. आजचा हा ऐका, आणि त्यांना डॉक्टरकडे न्या."

तारेवर बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. मग गुलाबराव अगदी हळू म्हणाले, "म्हंजे मी एवढे दिस... बाईमाणसाले..." आणि फोन ठेवला. रोजच्या सवयीने लाइन लावून ठेवलेली ट्रंकवाली ऑपरेटर मधेच ओरडली, "अमरावती तयार आहे, बोला!" बोलायला कोणी नव्हतं.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आता दोरीची पिन खोचण्यात अर्थ नव्हता. नागपूरचे साहेब उठून आले. उंच, कृश, कपाळावर हेडफोनच्या पट्टीचा वळ. त्यांनी माझ्या बोर्डाकडे पाहिलं, बोर्डाच्या मागे पाहिलं, आणि पाठकसाहेबांना विचारलं, "या जागेवर किती माणसं बसतात?"

"एक, साहेब," पाठकसाहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे एकच."

"मला दोन ऐकू आली. एक पुरुष होता. तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. त्याला काढून टाका." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईंचा आवाज चांगला आहे. बाईंना कायम करा."

सुलोचना पुढे वर्षानुवर्षं म्हणायची की ते हसले. मला तसं दिसलं नाही, पण त्या वेळी मला काहीच नीट दिसत नव्हतं.

दुपारी गुलाबरावांची झडप पडली. मी "नंबर प्लीज" म्हटलं. मग कोरडा, खाली बघून बोलणाऱ्या माणसाचा आवाज आला, "बाई. बापट दाक्तर." मी पिन खोचली, घंटी दिली, आणि डॉक्टरांनी उचलल्याबरोबर नियमाप्रमाणे ऐकण्याची कळ बंद केली. नोकरीत नियम पाळल्याचा मला पस्तावा झाला, तो तेवढा एकदाच.

गुलाबराव पुढे माझ्याशी कधी बोलले नाहीत. "अमरावती. अर्जंट." एवढंच. मला वाईट वाटायचं. इतक्या विश्वासाने माझ्याशी बोलणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता, आणि तो मी बाई निघाले म्हणून गेला. ते दुःख मी कर्तबगारी दाखवून भरून काढायला गेले. तारेवरून रोग ओळखता येतो अशा तोऱ्यात मी एका जिनिंग गिरणीच्या मालकांना, तुमच्या गळ्याची ग्रंथी तपासून घ्या, असं सुचवलं. त्यांच्या तोंडात पान होतं. नंतर एका मामलेदारीणबाईंना विचारलं, "आपल्याला थंडी वाजते का?" त्या म्हणाल्या, "पौष आहे, बाई." तेव्हापासून मी ठरलेल्या वाक्यांवर आले.

होळीच्या सुमारास एका दुपारी गुलाबरावांच्या घरची झडप पडली. मला वाटलं, आता "अमरावती". पण आवाज बाईचा होता, मोकळा, वाऱ्यावर धावत आल्यासारखा.

"काहो बाई, ते भाऊ हायेत का तुमच्या इथं? जे आमच्या मालकासंग बोलत जायचे?"

म्हणजे घरी त्यांनी भाऊ हे भाऊच ठेवले होते. त्यांची अब्रू माझ्या हातात होती. सुलोचनाकडे बघितलं. ती मानेनेच नाही-नाही म्हणत होती.

"नाहीत," मी म्हटलं. "बदली झाली त्यांची."

"कुठी?"

"लांब झाली."

"अव्वा! चांगला मानूस होता म्हंते. त्यायनंच दाक्तर सांगतला." तिचा आवाज जरा खाली आला. "एक निरोप देता का त्यायले? सांगजा का, माहा आवाज गेलता तं माही म्हैस माह्या हाकेले वळत नोती. उभी राहून नुसती पाहे, का हे कोन बोंबलून राह्यलं म्हणून. मी रोज गोठ्यात रडो. आता अंगनातून हाक मारली का तोंड वर करते अन् येते. तेवढं सांगा. त्यायले बरं वाटंल."

"सांगते," मी म्हटलं.